ढवळीचे दोन कान

पोळ्याचा मान बैलांच्या जिवावर टिकतो असा सगळ्या वऱ्हाडाचा समज आहे. आमच्या घराण्याचा मान एका वर्षी मोटारीच्या हातब्रेकवर टिकून होता, आणि त्या हातब्रेकचे दोन्ही कान गंजून गळून पडले होते.

कान म्हणजे काय ते आधी सांगतो. गाडीच्या पोटाखालून ब्रेकची तार मागच्या चाकांकडे जाते. तिला जागच्या जागी घट्ट धरून ठेवायला खालच्या पत्र्याला दोन लोखंडी पट्ट्या जोडलेल्या असतात. पुस्तकात त्यांना काय म्हणतात ते मला ठाऊक नाही. मेहकरचे उस्मान मिस्त्री त्यांना कान म्हणायचे. "कानच नाई त ब्रेक ऐकंन कसा?" असा त्यांचा सवाल होता. (त्या दिवसांत आमच्या घरात कोणीच कोणाचं ऐकत नव्हतं, तेव्हा एकट्या गाडीला नावं ठेवण्यात अर्थ नव्हता.)

मी त्या वर्षी फार चिडलेला माणूस होतो. उगाच नाही, कारणं होती! बीटी कापूस आला तेव्हा आम्हाला सांगितलं होतं की अळी पऱ्हाटीला, म्हणजे कापसाच्या झाडाला, तोंड लावेल आणि जागच्या जागी मरेल. पहिली काही वर्षं ती बिचारी सांगितल्याप्रमाणे मेलीही. मग तिला बीटी मानवली! बोंड फोडावं तर आत गुलाबी अळी, सासरी आलेल्या जावयासारखी लोळत पडलेली. मी अळीवर चिडलो, बियाण्याच्या पाकिटावर चिडलो, पाकिटावरच्या हसऱ्या माणसाच्या चित्रावर चिडलो, आणि शेवटी ज्यांचा या भानगडीशी काडीचा संबंध नव्हता त्या बैलांवर चिडलो. भर उन्हाळ्यात जोडी बाजारात नेली आणि विकून मोकळा झालो. आबांना न विचारता.

आबा म्हणजे माझे वडील. त्या दिवसापासून ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. बोलायचं झालंच तर माझ्या बायकोमार्फत, आणि मी समोर बसलेला असताना!

"मंदा, त्या मानसाले सांग, चहा थंडा होऊन राह्यला."

"मामंजी, ते इथंच तर बसले हायेत!"

"असू दे. तू सांग."

बैल गेले, उन्हाळा गेला, आबांचा राग मात्र गेला नाही. आणि पोळा आला.

आमच्या गावच्या आखरावर, म्हणजे गुरं जमतात त्या मोकळ्या जागेवर, पोळा भरतो. दोन खांबांना आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात, गावभरच्या जोड्या त्याच्यामागे उभ्या राहतात, झडत्या म्हणतात (म्हणजे एकमेकांना टोमणे मारायची गाणी, आमच्या गावात ती कला फार पुढे गेलेली आहे), आणि मग मानाची जोडी तोरणाखालून पहिली जाते. की पोळा फुटला! ही मानाची जोडी माझ्या पणजोबांपासून आमच्या घरची. आमच्यानंतर मान माझ्या चुलतभावाचा, दिगंबरचा. तो आमच्या मागे तीन पिढ्या उभा होता आणि आता त्याचे पाय दुखायला लागले होते.

पोळ्याला आठवडा असताना तो घरी आला आणि फार मायेनं विचारता झाला, "वसंता, यंदा कसं करतं बे? आणू का माही जोडी समोर?"

"तुही जोडी तुह्या घरी ठेव!" मी ओरडलो. पण ओरडून गोठ्यात बैल उगवत नाहीत.

प्रकरण पाटलांकडे गेलं. गावचे पाटीलबाबा सगळ्यात वयस्कर आणि पोळ्याच्या बाबतीत कोर्टापेक्षा कडक. ते म्हणाले, "मानाचं जनावर घरचं पाह्यजे, अन् शेतात राबलेलं पाह्यजे. उसनी जोडी चालनार नाई. या दोन गोष्टी हायेत का तुमच्यापाशी?"

मी मान खाली घातली. आबांनी घातली नाही. ते म्हणाले, "हायेत. ढवळी हाय."

ढवळी म्हणजे आमची मोटार! कापसाला लोक पांढरं सोनं म्हणायचे त्या काळात आबांनी ती बुलढाण्याच्या एका डॉक्टरांकडून घेतली होती. तेव्हा ती पांढरीशुभ्र होती म्हणून ढवळी. आबांनी तिची मागची सीट काढून तिच्यातून कापूस जिनिंगला वाहिला, सरकी आणली, ढेप आणली, एकदा तर व्यायलेली शेळी आणली. पुढे इंजिन बंद पडलं आणि ढवळी गोठ्यात बैलांच्या शेजारी कायमची उभी राहिली. सीट परत बसवली, पण चालवायची कोणी? पंचवीस वर्षांत तिचा रंग आधी पिवळा, मग तांबडा आणि मग ज्याला रंग म्हणता येणार नाही असा झाला होता.

"ते जनावर नाई, आबा," दिगंबर म्हणाला.

"काऊन नाई? चार पाय हायेत."

"तिचं इंजिन बंद हाय!"

"बैलाले कोठी इंजिन असते?"

पाटीलबाबांनी डोळे मिटले. (मला वाटलं, झोपले.) मग म्हणाले, "घरची हाय, राबलेली हाय. आपल्या डोयानं पाह्यलं म्या. पन एक अट. आखराले उतार हाय. झडत्या होईस्तोवर बैल उभे राह्यते, तशी ती तोरनासमोर उभी राह्यली पाह्यजे. हालली, का मान गेला!"

आबा विजयी मुद्रेनं उठले आणि हवेत पाहत म्हणाले, "कोनीतरी त्या मानसाले सांगा, ब्रेक दुरुस्त कराले."

आता खरी गोष्ट अशी होती की मी ढवळीसुद्धा विकायला काढली होती. बैल गेले, आता हे भंगार कशाला, अशा रागात मेहकरच्या भंगारवाल्याला निरोप धाडून ठेवला होता, तो फिरवायचा राहून गेला. पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी तो टेम्पो घेऊन हजर! नेमकी त्याच वेळी एस.टी.नं आली शेवंता आत्या.

शेवंता आत्या ही आबांची थोरली बहीण. उंची बेताची, वजन दोन पोती गहू, आणि स्वभाव पोत्याच्या दाभणासारखा. तिनं टेम्पो पाहिला, ढवळीला बांधायचा दोर पाहिला, माझ्याकडे पाहिलं. ढवळीचं मागचं दार उघडलं, (ते निखळून हातात आलं, ते तिनं भिंतीला टेकवून ठेवलं,) आणि पिशवी मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसली.

"आत्या, उतर."

"नाई."

"आत्या, तो मानूस थांबून राह्यला."

"थांबू दे. बैल विकले तवा मी नव्हती. आता हाय. मी उतरली का तू इकशीन!"

"नाही विकत! आबांनी पोळ्याला न्यायची ठरवलीय!"

"मंग बसते. पोळ्यालेच उतरीन."

भंगारवाला शहाणा माणूस. तो म्हणाला, "भाऊ, पहिले अम्माजीचं ठरवा," आणि टेम्पो वळवून गेला.

दुपारी उस्मान मिस्त्री आले. वेल्डिंगचं सामान, पाने, हातोडे, आणि सोबत शांत स्वभाव, जो आमच्या घरात त्या दिवशी फक्त त्यांच्यापाशीच होता. ते गाडीखाली शिरले. बराच वेळ नुसता ठकठक आवाज. मग खालूनच म्हणाले, "वसंताभाऊ, हा पावसाचा गंज नाई."

"मग?"

"बैलाचं मूत हाय. पंचवीस साल बैलानं इकडूनच धार सोडली. पत्राच ऱ्हायला नाई. वेल्डिंग कशाले करू? हवेले?"

म्हणजे बघा! जे बैल मी विकले त्यांनी जाता जाता माझा असा हिशेब केलेला! मी गोठ्यातल्या रिकाम्या खुंट्यांना चार शिव्या हासडल्या. आत्या वरून म्हणाली, "मुक्या जनावराले नको बोलू. ते नाई आता इथं." ते ऐकून मला आणखी राग आला. कोणाचा, ते मला तेव्हा कळलं नाही. माझाच असावा.

पायाचा ब्रेक तर कधीच मेलेला. उरला हातब्रेक. त्याची तार उस्मानभाईंनी नवी आणली होती, पण ती धरायला कान नाहीत आणि कान जोडायला पत्रा नाही. शेवटी आबांनीच वाट काढली. बैलांबरोबर वखरही रिकामा पडला होता. त्याची पास, म्हणजे जमिनीत चालणारं लांब पोलादी पातं, आबांनी स्वतः काढून आणली.

"मिस्त्री, हे घ्या. हे गंजलं नाई. हे राबत होतं."

हे वाक्य कोणाला होतं ते सगळ्यांना कळलं.

उस्मानभाईंनी त्या पोलादाचे दोन झकास कान केले, खालच्या जाड दांड्याला वेल्ड केले, तार ओढून घेतली. फक्त एक अडचण होती. आत्या!

"अम्मा, थोडं उतरता का? तार मापाले बसवाची हाय."

"नाई."

"अम्मा, तुमच्या वजनानं गाडी खाली दबून राह्यली."

"माह्या वजनावर बोलता?"

उस्मानभाईंनी कानाला हात लावला (स्वतःच्या) आणि आत्या आत असतानाच तार कसली. हातब्रेक ओढला. आम्ही चौघांनी मागून ढकललं. ढवळी जागची हलली नाही! आबांच्या चेहऱ्यावर चार महिन्यांनी हसू दिसलं.

"एक डाव रिकाम्या गाडीवर पाहू द्या भाऊ," उस्मानभाई म्हणाले. "अम्मा जेवाले उतरतीनच. तवा पाहतो."

इथं मी शहाणा असतो तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण मी उन्हात घामाघूम, अळीनं पिडलेला, बापानं वाळीत टाकलेला आणि आत्यानं भंगारवाल्यादेखत हरवलेला. मी ओरडलो, "लागला ना ब्रेक? मग झालं! आता पुन्हा तपासायचं नाही, पुन्हा खोलायचं नाही! मला या गाडीचं तोंड पाहायचं नाही!"

उस्मानभाईंनी हत्यारं गोळा केली. जाताना एवढंच म्हणाले, "उद्या येतो पोळा पाहाले."

संध्याकाळी खांदेमळणी. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-लोण्यानं मळतात, वर्षभराच्या जुवाचा शीण काढायला, आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आमंत्रण देतात. आत्यानं गाडीत बसल्या बसल्या मंदाकडून हळद-लोणी मागवलं आणि एकीकडे खिडकीतून, दुसरीकडे निखळलेल्या दाराच्या जागेतून हात काढून ढवळीच्या दोन्ही बाजू मळल्या. मग गाडीला म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आबा खुंट्याजवळ उभे होते. त्यांच्या हातालाही लोणी होतं. ते त्यांनी कशालाच लावलं नाही, धोतराला पुसलं आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी ढवळी सजली. बॉनेटवर झूल, हेडलाइटला बेगडी शिंगं, आरशांना गोंडे. इंजिन बंद असल्यामुळे ओढायची कोणी हा प्रश्न निघाला. आबा आकाशाकडे पाहत म्हणाले, "ज्यानं बैल इकले त्यानं!" दोर माझ्या खांद्यावरून छातीभोवती आला. मागून चार शेजारी ढकलायला. आत आत्या, ओवाळणीचं ताट मांडीवर घेऊन. एवढ्या उठाठेवीनंतर घाम निथळत आम्ही आखरावर पोचलो. वाटेत सगळं गाव हसत होतं आणि मी मनातल्या मनात एकेकाचं नाव लक्षात ठेवत होतो.

तोरणासमोर उतारावर ढवळी उभी केली. मी आत हात घालून हातब्रेक ओढला. करकर आवाज झाला. शेजाऱ्यांनी हात सोडले. ढवळी उभी! पुढे मी, दोर अजून छातीला (गाठ इतकी आवळली होती की सुटेना), मागे गाडी, तिच्यामागे दिगंबर आणि त्याची चकचकीत जोडी. त्यानं लगेच झडती टाकली:

"चार चाकं, शिंगं बेगडी, बैल नाई गोठ्याले,
वसंतरावानं जुंपून घेतलं आपल्याच पोटाले!
हर बोला हर हर महादेव!"

आखर हसून लोळायला लागलं. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण मला यमक सुचेना. रागात मला शिव्या सुचतात, यमक सुचत नाही. दोन, तीन, चार झडत्या झाल्या. ढवळी हलली नाही. पाटीलबाबांनी मान डोलावली आणि हाक दिली, "मानाच्या जनावराची पूजा करा!"

पूजा करायची घरच्या वडीलधाऱ्या बाईनं.

गर्दीतून उस्मानभाईंची हाक आली, "अम्मा! उतरू नका!" पण डफड्यांच्या आवाजात ती ऐकायला कान कोणाला होते?

आत्या उतरली. ढवळीची मागची बाजू चार बोटं वर आली. तार सैल पडली. आत्या पुढच्या चाकाशी वाकली आणि बैलाच्या पायावर घालावं तसं तिनं चाकावर पाणी घातलं. आणि ढवळीनं पाय काढून घेतला!

"अवं, उभी राय!" आत्या चाकाला म्हणाली.

मी मागे वळून पाहिलं तर बेगडी शिंगं माझ्या पाठीपासून दोन हातांवर! मी पळालो. दुसरं काय करणार? दोर छातीला, गाडी दोराला, उतार पायाखाली. माणूस जास्त पळतो की मोटार, याची शर्यत सबंध गावानं त्या दिवशी फुकट पाहिली. मी तोरणाखालून गेलो, ढवळी तोरण घेऊन गेली, लोकांना वाटलं पोळा फुटला, त्यांनी जोड्या सोडल्या! आता माझ्यामागे मोटार आणि मोटारीमागे गावभरचे बैल!

"बाजूले हो बे!" कोणीतरी ओरडलं.

"कसा होऊ? बांधलंय मला!"

आखर संपलं तिथं दिगंबरचं वावर लागतं. मी बांधावरून उडालो आणि त्याच्या पऱ्हाटीत आडवा झालो. ढवळी बांध ओलांडून काळ्या मातीत रुतली आणि माझ्यापासून हातभर अंतरावर थांबली, गळ्यात तोरण घालून. मी पडल्या पडल्या डोळे उघडले. डोळ्यांसमोर एक फूल होतं, पाकळ्या मिटलेलं. डोमकळी. उघडून पाहिलं तर आत गुलाबी अळी. ती मजेत होती.

दिगंबर धावत आला. "माही पऱ्हाटी! माही पऱ्हाटी मोडली!"

"घे!" मी ती डोमकळी त्याच्या हातावर ठेवली. "तुह्याकडेही आली बे पाहुणी."

त्यानं अळी पाहिली. बांधावरच बसला. खरं सांगतो, त्या क्षणी मला त्याचा राग येईना, आणि ते मला फार अवघड गेलं.

पण पाटीलबाबा काठी टेकत आलेच. मागे आबा, आत्या, मंदा, उस्मानभाई आणि सगळं गाव.

"ढवळी हालली," पाटीलबाबा म्हणाले. "अट मोडली. मान गेला."

आबांकडे मला पाहवेना. पणजोबांपासूनचा मान मी चिडून विकला होता आणि चिडून दुरुस्त केला होता.

तेवढ्यात आत्या ताट घेऊन पुढे आली. "पाटील, तोरनाखालून पह्यलं कोन गेलं? मोटार?"

"नाई. मोटारीच्या समोर हा होता."

"हा घरचा हाय का नाई?"

"हाय."

"अन् शेतात राबलेला?"

पाटीलबाबांनी आबांकडे पाहिलं. सगळ्या गावानं आबांकडे पाहिलं. आबांनी माझ्याकडे पाहिलं, चार महिन्यांनी पहिल्यांदाच.

"हाव," आबा म्हणाले. "राबलेला हाय. लय राबला."

मी बाहीनं डोळे पुसले. माती असेल.

"मंग मान जिथला तिथंच!" पाटीलबाबांनी काठी आपटली. आत्यानं माझ्या कपाळाला कुंकू लावलं, पायांवर पाणी घातलं. मी पाय काढून घेतला नाही. उस्मानभाईंनी पान्यानं दोराची गाठ सोडवली. माझ्या चुकीचं खापर त्यांनी माझ्यावर फोडलं नाही, याबद्दल मी त्यांचा आजही मिंधा आहे.

खांदेमळणी पोळ्याच्या आदल्या दिवशी असते. माझी पोळ्याच्या दिवशी झाली. घरी आल्यावर दोरानं सोललेल्या माझ्या खांद्यावर आबा स्वतः हळद-लोणी मळत बसले. त्यांचा हात बैलांच्या सवयीचा, जरा जोरातच चालला. मी कळवळून हललो.

"हालू नको बे," आबा म्हणाले. मला म्हणाले! मंदामार्फत नाही.

मंदा पुरणपोळीचं ताट घेऊन दारात उभी होती. मी म्हटलं, "पाहिलंस? सगळ्या गावानं मला मानाचा बैल ठरवलं."

"गावाले आज समजलं," ती म्हणाली. "मी लग्न झालं तवापासून सांगून राह्यली."

मला राग यायला हवा होता. पण तोंडात पुरणपोळी होती, आणि ती मला आबा भरवत होते.